गाडीत दुसरी बॅटरी: सेल्फची की डीप-सायकल?

गाडीत फ्रिज, पंखा, दिवे लावून रात्र काढायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘मोठी बॅटरी टाक.’ ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जागी ६५ची, ६५च्या जागी ८०ची. ट्रेमध्ये बसली, सेल्फ झकास लागला, काम झालं. मग एका हंगामातच ती बसते आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. वास्तविक, गाडीची ८० एएचची बॅटरी आणि ८० एएचची डीप-सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवायला बनवलेली बॅटरी, यांच्यावर आकडा एकच असला तरी आतला माल वेगळा असतो.

गाडीच्या बॅटरीचा एक सेल उघडला तर पातळ प्लेटांची दाट चळत दिसते. प्लेटा जास्त, मसाला (प्लेटेवरचा रासायनिक लेप) सच्छिद्र, स्पंजसारखा. ॲसिडला भिडायला जितका जास्त पृष्ठभाग मिळेल तितका जास्त करंट क्षणात बाहेर पडतो, आणि सेल्फला तेवढंच हवं असतं. डिझेल एसयूव्हीचा सेल्फ ३०० अँपिअर ओढतो असं धरलं आणि इंजिन दोन सेकंदांत लागलं, तर खर्च होतो ०.१७ एएच. ६५ एएचच्या बॅटरीतला हा पाव टक्का. पुढच्या काही मिनिटांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा, वीज बनवणारा जनरेटर) तो भरून काढतो. म्हणजे या बॅटरीचं सगळं आयुष्य ‘भरलेली’ अवस्थेतच जातं.

डीप-सायकलच्या प्लेटा कमी पण जाड, मसाला घट्ट दाबलेला. झटक्यात तिच्यातून तेवढा करंट निघत नाही. पण अर्धी रिकामी होऊन पुन्हा भरणं ती शेकडो वेळा सोसते. बॅटरी उतरताना प्लेटेवर लेड सल्फेट तयार होतं, त्याला जागा जास्त लागते, प्लेट फुगते. भरताना पुन्हा आकसते. पातळ प्लेटेचा मसाला या ये-जा करण्यात सुटतो आणि तळाशी काळा गाळ होऊन बसतो. साधी गाडीची बॅटरी काही डझन वेळा खोल उतरवली की तिची बरीचशी क्षमता गेलेली असते. त्यात हल्लीच्या ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटऱ्यांमध्ये प्लेटेची जाळी (मसाला धरून ठेवणारा सांगाडा) कॅल्शिअम मिसळलेल्या शिशाची असते. तिला पाणी कमी लागतं, पण अँटिमनीच्या जाळीइतकं खोल उतरणं ती सोसत नाही. मेंटेनन्स-फ्री म्हणजे डीप-सायकल, ही समजूत महागात पडते.

लेबलवर काय पाहायचं

गाडीच्या बॅटरीवर सीसीए हा आकडा असतो: उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती अँपिअर देता येतील, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. बोटींच्या बॅटरीवर एमसीए असतो. मोजणी तीच, पण शून्य अंशाला. म्हणून एकाच बॅटरीचा एमसीए सीसीएपेक्षा मोठा दिसतो आणि विकणाऱ्याला तोच छापायला आवडतो. चिपळूणच्या मे महिन्यात दोन्ही आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

डीप-सायकलसाठी बघायचे आकडे दोन. पहिला एएच, पण कोणत्या तासांचा? सी२० म्हणजे २० तासांत उतरवून मोजलेली क्षमता: १०० एएच म्हणजे ५ अँपिअर २० तास. त्याच बॅटरीवर ५०० वॅटची किटली इन्व्हर्टरमधून लावली, म्हणजे साधारण ५० अँपिअर ओढले, तर दोन तास मिळत नाहीत, सव्वा-दीड तासच मिळतो. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी१० किंवा सी२० असतं. तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणायला हवीत. दुसरा आकडा म्हणजे ५० टक्के उतरवून किती सायकल (एकदा उतरणं आणि भरणं म्हणजे एक सायकल). डेटाशीटवर तो नसेल तर ती बॅटरी डीप-सायकल म्हणून विकायलाच बनवलेली नाही असं समजावं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथल्या दुकानांत ‘मरीन डीप सायकल’ असं लिहिलेल्या ग्रुप २४, २७, ३१ (डब्याच्या आकाराचे क्रमांक) च्या बॅटऱ्या सर्रास मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच दुहेरी कामाच्या असतात: सेल्फही मारतात, थोडं उतरणंही सोसतात, दोन्ही मध्यम. ओळखायची सोपी खूण अशी की लेबलवर एमसीए ठळक छापलेला असेल तर ती दुहेरी कामाची. खऱ्या डीप-सायकलवाल्याला तो आकडा मिरवायचं कारण नसतं. कॅम्परमध्ये सहा व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडणं तिथे जुनं आणि भरवशाचं आहे.

आपल्याकडे ‘मरीन’ शिक्क्याची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून इथली निवड वेगळ्या चार गोष्टींतली असते.

पहिली म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर. खोल उतरण्यासाठी उत्तम, स्वस्तही. पण १५० एएचची ॲसिडसकट ५५-६० किलोच्या घरात, उंची दीड फुटाच्या आसपास, आणि ती एका जागी उभी राहायला बनलेली. वरंधा घाटातल्या वळणांवर ॲसिड व्हेंटमधून बाहेर येतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो तो वेगळाच. हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो. सीटखाली ठेवायची ही वस्तू नव्हे.

दुसरी ई-रिक्षाची बॅटरी. हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण आपल्याकडे मरीन बॅटरीच्या सगळ्यात जवळची हीच: जाड प्लेटा, रोज उतरायची सवय आणि खड्ड्यांचे हादरे सोसायची तयारी. पाणी मात्र पाहत राहावं लागतं, आणि तीही गॅस सोडते, त्यामुळे डबा बंद हवा आणि त्याची नळी गाडीबाहेर काढलेली हवी. पिकअपच्या हौद्यात किंवा फूड ट्रकच्या चेसिसवर ठेवायला ही चांगली.

तिसरी एजीएम. ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं, सांडत नाही, नेहमीच्या चार्जिंगमध्ये गॅस बाहेर जवळपास नाही. १०० एएचची २८-३० किलो. गाडीच्या आत ठेवायची असेल तर शिशातली हीच. एक सापळा मात्र सांभाळावा: यूपीएससाठीच्या सीलबंद बॅटऱ्याही याच डब्यात येतात, पण त्या सतत भरलेल्या राहून अधूनमधून वापरायच्या. स्टार्ट-स्टॉप गाड्यांच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) एजीएम आणि ईएफबीचंही (सुधारित साध्या ॲसिड बॅटरीचंही) तसंच. उथळ उतरणं त्या खूप सोसतात, रोज निम्म्यावर जाणं नाही.

चौथी लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० एएचची ११ ते १३ किलो, त्यातले ८०-९० एएच खरोखर वापरता येतात, सायकल हजारांत मोजायच्या. पैसे एकदम जास्त जातात. शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, केली तर सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं आणि नुकसान कायमचं होतं. हिवाळ्यात लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये) कमी तापमानाचा कट-ऑफ आहे का हे विचारूनच घ्यावी.

तुम्हाला किती लागतं

संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, तारकर्लीला गाडी उभी. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू-बंद होत सरासरी २ अँपिअर खातो: १४ तासांत २८ एएच. बारा व्होल्टचा पंखा दीड अँपिअरने आठ तास: १२. एलईडी दिवे ४, मोबाइल आणि कॅमेरा ५. बेरीज ४९. शिशाची बॅटरी निम्म्याखाली न्यायची नाही हे पाळायचं तर १०० एएच लागली. लिथियम ६० एएचची पुरते. गाडीच्याच ६५च्या बॅटरीवर हे चालवलं तर सकाळी मल्टिमीटर ११.८ च्या आसपास दाखवेल आणि सेल्फ नुसता टकटक करेल.

हे आकडे भार काढून, तासभर विसावल्यावर मोजायचे: साध्या शिशाच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. एजीएममध्ये भरलेली १२.८च्या पुढे. फ्रिज चालू असताना १२.० दिसलं म्हणून घाबरू नये आणि इंजिन नुकतंच बंद केल्यावर १२.९ दिसलं म्हणून खूशही होऊ नये.

बॅटरी चांगली, तरी मेली: का?

डीप-सायकल बॅटऱ्या जास्त करून अर्धवट भरण्याने मरतात. ५० वरून ८० टक्क्यांपर्यंत ती दीडेक तासात येते. उरलेले २० टक्के चार-पाच तास घेतात, कारण भरत आली की ती करंट घ्यायलाच तयार नसते. दोन तासांचा प्रवास, रात्री फ्रिज, पुन्हा दोन तास, असं आठवडाभर चाललं की वरचा पाचवा भाग कधी भरतच नाही, तिथलं सल्फेट कडक होतं आणि १०० एएच हळूहळू ६०ची होते. उपाय साधा आहे: फेरीहून परतल्यावर घरच्या चार्जरला रात्रभर लावणे, नाहीतर छतावर १०० वॅटचं सोलर पॅनल. आपल्या उन्हात ते दिवसाला २५-३० एएच देतं. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

दुसरं कारण अल्टरनेटर. जुन्या गाड्यांत तो १४.२-१४.४ व्होल्ट धरून असे. तिथे दोन शिशाच्या बॅटऱ्यांमध्ये व्हीएसआर रिले (व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पुरत असे, १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. बीएस-६ काळातल्या बऱ्याच गाड्यांत मात्र कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज इंधन वाचवायला मधूनच खाली आणतो. मग रिले सोडतो आणि दिवसभर गाडी चालवूनही दुसरी बॅटरी उपाशी. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच (आत येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी बॅटरीला हवं तेच देणारा) हवा. १०० एएचच्या एजीएमला २० ते ३० अँपिअरचा. लिथियमला तर तो जुन्या गाडीतही हवा. लिथियम मिळेल तेवढा करंट गिळते, कमी आरपीएमला अल्टरनेटर पूर्ण भाराने तापतो आणि त्याची वाइंडिंग किंवा डायोड जातात.

वायरिंगमध्ये कंजुषी होते ती तांब्यात. बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर, ३० अँपिअर: १० चौ. मिमीच्या वायरीत अर्धा व्होल्ट पडतो, १६ मध्ये ०.३, २५ मध्ये ०.२. रिलेवर चालणाऱ्या बॅटरीला तो अर्धा व्होल्ट म्हणजे कधीच पूर्ण न भरणं. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायरीच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे हे विसरून एकच फ्यूज टाकलेला बऱ्याचदा दिसतो. ३० अँपिअरच्या चार्जरला, १६च्या वायरीवर, ५० ते ६०चा फ्यूज. गाडीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर तुमची अर्थ थेट बॅटरीच्या खुंटाला जोडू नका, चेसिसला जोडा. नाहीतर कॉम्प्युटरला तुमचा करंट दिसतच नाही आणि तो बॅटरीचा हिशेब चुकवतो.

आणि दुसरी बॅटरी बोनेटखाली नको. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, एजीएममध्ये तर वरून पाणी घालायची सोयही नाही. सीटमागे किंवा डिकीत, पट्ट्याने करकचून बांधलेली. जोरात ब्रेक लागला की मोकळी ३० किलोची बॅटरी पुढच्या सीटवर येते.

मग कोणती?

वर्षातून तीन-चार रात्री बाहेर काढणाऱ्याने दुसरी बॅटरी घेऊच नये. गाडीची चांगली बॅटरी, फ्रिजचा कट-ऑफ ‘हाय’वर (म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधीच फ्रिज बंद होतो) आणि सोबत जंप केबल, एवढं पुरतं. महिन्यातून एक-दोन शनिवार-रविवार असतील तर एजीएम आणि डीसी-डीसी चार्जर. रोज चालणारा फूड ट्रक असेल तर जागा आणि वायुवीजन असल्यास ई-रिक्षाची, नाहीतर लिथियम. रोज वापरणाऱ्याला लिथियमचा खर्च परवडतो, शनिवार-रविवारवाल्याला क्वचितच. आणि सेल्फची बॅटरी प्रत्येक बाबतीत वेगळीच राहू द्या. डीप-सायकलने गाडी सुरू होणारच नाही असं नाही, पण व्होल्टेज इतकं खाली जाऊ शकतं की कॉम्प्युटर रिसेट होतो.

घेताना दुकानातच मीटर लावा. शिशाची बॅटरी १२.६ च्या खाली असेल तर ती फळीवर फार दिवस पडून आहे, दुसरी मागा. सहा महिन्यांनी एकदा तपासणीही घरच्या घरी होते: १०० एएचची बॅटरी पूर्ण भरा, तिला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा, दहा तास जळू द्या, मग बल्ब काढून तासाभराने मोजा. ४५ एएच गेलेले असतात, म्हणून १२.१ किंवा वर दिसायला हवं. ११.८ दिसलं तर क्षमता बरीच घटली आहे. फ्रिजसाठी आता ती धरू नका, दिव्यांना वापरा.