मैदानाच्या कडेला, सर्वांच्या डोळ्यांसमोर: कॅनन आरएफ ७०-२०० एफ/२.८

मुलांचे सामने टिपण्यासाठी मी गेले तीन हंगाम कॅननची आरएफ ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ एल आयएस ही, दूरचे दृश्य जवळ आणणारी झूम लेन्स वापरत आहे. फुटबॉल, बास्केटबॉल, धावण्याच्या शर्यती आणि अधूनमधून जलतरण अशा खेळांत, आठ ते सोळा वर्षांच्या मुलामुलींमध्ये माझे काम चालते. या लेन्सची परीक्षणे बहुतेक वेळा चित्राची सुस्पष्टता आणि फोकसचा वेग यांपाशी थांबतात. या दोन्ही बाबतींत ती उत्तम आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मात्र मुलांच्या खेळाचे फोटो काढणाऱ्याचे निम्मे लक्ष चेंडूवर असते आणि निम्मे कडेला उभ्या असलेल्या पालकांवर. या दुसऱ्या निम्म्या कामात लेन्सची मदत किती होते आणि अडचण किती, यावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे परीक्षण.

माझा मुलगा संघात होता तोवर मला हा प्रश्न कधी पडला नाही. मैदानावर सगळे मला त्याचा बाबा म्हणून ओळखत आणि कॅमेऱ्याकडे माझा छंद म्हणून पाहत. पुढे त्याने खेळणे थांबवले, मी मात्र क्लबच्या विनंतीवरून फोटो काढत राहिलो. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात मध्यंतराला एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आधी लेन्सकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अगदी सभ्यपणे विचारले, "तुम्ही कोणाचे बाबा?" मी काही सांगण्याऐवजी घाईने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला, आणि तिथेच घोळ झाला. त्यांची मुलगी गोलरक्षक होती. तिने मारलेल्या एका झेपेचे तीसेक फोटो एकापाठोपाठ एक त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकू लागले. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस किंवा त्याहून जास्त फोटो सहज घेतात, त्यामुळे दीड सेकंदाच्या झेपेचे तीस फोटो होणे यात छायाचित्रकाराला काहीच वावगे वाटत नाही. बापाला मात्र एक अनोळखी माणूस आपल्या लेकीचे तीस फोटो घेऊन उभा असलेला दिसला. "एकाच मुलीचे एवढे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. प्रशिक्षकांनी येऊन माझी ओळख करून दिली आणि विषय मिटला. पण त्या माणसाची काही चूक होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आपल्या मुलीकडे कोण बघते आहे, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले, एवढेच.

या लेन्सचे गुणदोष मी त्या दिवसापासून निराळ्या नजरेने पाहू लागलो. तिचा आकार हा त्यातला पहिला मुद्दा. ही लेन्स २०१९ मध्ये बाजारात आली. आधीच्या, आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीची याच मापाची ईएफ लेन्स, तिसरी आवृत्ती, १९९ मिलिमीटर लांब आणि १४८० ग्रॅम वजनाची होती. ही बंद असताना १४६ मिलिमीटर लांब आहे आणि तिचे वजन १०७० ग्रॅम आहे. झूम करताना तिची नळी पुढे सरकते, त्यामुळे २०० मिलिमीटरवर ती मोठी दिसतेच, पण खेळ थांबला की मी तिला ७० वर आणून मिटवतो आणि कॅमेरा खाली, मांडीशी धरतो. कॅमेरा केव्हा चालू आहे आणि केव्हा नाही, हे दुरून पाहणाऱ्यालाही त्यावरून कळते. जखमी झालेले मूल रडत असताना, किंवा प्रशिक्षक एखाद्याला बाजूला घेऊन समजावत असताना लेन्स मिटलेली दिसणे महत्त्वाचे असते. आधीच्या लेन्सला हे जमत नसे. ती नेहमी तेवढीच लांब, नेहमी रोखलेली वाटे.

लेन्सचा पांढरा रंग लक्ष वेधून घेतो, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मला तो रंग हवाच असतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. गळ्यात ओळखपत्र, अंगात उठून दिसणारे जॅकेट आणि हातात पांढरी लेन्स असा माणूस एकाच ठरलेल्या जागी उभा असला, की पालक पाच मिनिटांत त्याला गृहीत धरतात. काळे कपडे घालून कुंपणामागून फोटो काढणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात जी पाल चुकचुकते, ती चुकचुकायलाच हवी. याच कारणाने मी मैदानी खेळांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरत नाही. शांतता पाळायची असते अशा खेळांत त्याचा उपयोग जरूर आहे, पण इतरत्र फोटो निघाल्याचा आवाज शेजारच्या पालकांना ऐकू आलेला बरा.

दुसरा मुद्दा पल्ल्याचा, आणि माझ्या मते या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या मैदानासाठी २०० मिलिमीटर कमी पडतात असे सगळेच सांगतात, आणि ते हिशेबाने खरे आहे. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरचा कॅमेरा उभा धरला, तर २०० मिलिमीटरवर वीस मीटर अंतरावरचा ३.६ मीटर उंचीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे १४० सेंटिमीटर उंचीचे मूल चौकटीच्या जेमतेम चाळीस टक्के उंची व्यापते. तीस मीटरच्या पुढे ते आणखी लहान होत जाते. मोठ्यांच्या फुटबॉलचे १०५ मीटर लांबीचे मैदान या लेन्सने कोणी पूर्ण सांभाळू शकणार नाही. परंतु लहान वयोगटांची मैदाने आखूड असतात, बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटरचे असते, आणि जिथे पल्ला संपतो तिथे मी थांबतो. चारशे मिलिमीटरची लेन्स घेतली असती तर मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पालकांपासून लांब, एकटा उभा राहिलो असतो, आणि समोरच्या मुलांना आपला फोटो निघतो आहे हे कळलेही नसते. सत्तर ते दोनशेच्या लेन्समुळे मला पालकांच्या ओळीत, प्रशिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहावे लागते. चांगला फोटो हुकतो तेव्हा चुटपुट लागते, हे मान्य आहे. पण मुलांच्या खेळात कोठे उभे राहायचे हे लेन्सच्या पल्ल्याने ठरवू नये, तर उभे राहण्याची योग्य जागा आधी ठरवावी आणि तिथून जमेल तेवढी लेन्स घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

एफ/२.८ हे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र (आकडा लहान तेवढे छिद्र मोठे), मी कमी प्रकाशासाठी घेतले होते आणि त्या कामी ते उपयोगी पडतेच. बंदिस्त सभागृहात धावणारी मुले गोठवायला सेकंदाचा आठशेवा भाग तरी लागतो, आणि अनेक सभागृहांत त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावी लागते. एफ/४ च्या लेन्सने तोच फोटो १२८०० वर काढावा लागेल. फ्लॅश वापरणे मी योग्य समजत नाही, कारण उडी मारलेल्या मुलाच्या डोळ्यांवर अचानक प्रकाश पडला तर इजा होऊ शकते. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सांभाळते, धावणारे मूल थांबवत नाही, म्हणून त्याच्या पाच स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आकड्याला या कामात फार किंमत देऊ नये. सभागृहातले दिवे विजेच्या वारंवारितेनुसार सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात, त्यामुळे कॅमेऱ्यातील फ्लिकर रोखणारी सोय चालू ठेवावी लागते. नाहीतर एकाच मालिकेतला एक फोटो पिवळा आणि पुढचा काळपट येतो.

या अॅपर्चरचा खरा उपयोग मला नंतर कळला. दहा मीटरवरच्या खेळाडूवर २०० मिलिमीटर आणि एफ/२.८ ने फोकस केला, तर साधारण चाळीस सेंटिमीटर खोलीचा पट्टाच सुस्पष्ट राहतो. मागे उभी असलेली मुले, त्यांचे पालक, कुंपणावरचा फलक हे सारे धूसर होते, आणि अंतर पुरेसे असेल तर चेहरे ओळखूही येत नाहीत. ज्या मुलांच्या पालकांनी संमती दिलेली नाही, ती पार्श्वभूमीत आली तरी ओळखू येऊ नयेत यासाठी याची फार मदत होते. ७० मिलिमीटरवर हे घडत नाही. तिथे त्याच अंतरावर कित्येक मीटर खोलीपर्यंत सगळे स्पष्ट दिसते, म्हणून संघाचे रुंद फोटो घेताना मी दुप्पट काळजी घेतो. फोकसवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. चेहरा ओळखणारी यंत्रणा समोर येईल तो चेहरा पकडते, त्या चेहऱ्याच्या घरून होकार आहे की नकार, हे तिला ठाऊक नसते.

त्यासाठी माझी एक साधी पद्धत आहे. सामन्याआधी प्रशिक्षकांकडून मी फक्त नकार असलेल्या खेळाडूंचे जर्सी क्रमांक घेतो, नावे घेत नाही. ते क्रमांक कागदी चिकटपट्टीवर लिहून ती लेन्सच्या फिरत्या रिंगांपासून दूर, स्थिर भागावर चिकटवतो. पांढऱ्या नळीवर काळे आकडे कॅमेरा उचलतानाच दिसतात. सामना संपला की पट्टी काढून फाडून टाकतो.

नकार देणारे पालक उगाच घाबरतात, असे पूर्वी मलाही वाटे. एका सामन्याआधी एक बाई प्रशिक्षकांबरोबर माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, त्याचा फोटो कुठेही जायला नको. आम्ही कुठे राहतो, हे एका माणसाला कळता कामा नये." यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चेहरा धूसर केल्याने त्यांचा प्रश्न सुटणार नव्हता, कारण मुलाच्या छातीवर क्लबचे नाव होते, मागे मैदानाचा फलक होता, आणि फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि सोय चालू असल्यास ठिकाणही नोंदले जाते. तेव्हापासून मी कॅमेऱ्यातील ठिकाणाची नोंद कायमची बंद ठेवली आहे. क्लबला देण्यापूर्वी फाइलमधील ही माहिती पुसतो आणि मुलांची नावे फोटोखाली लिहीत नाही. बालकांच्या खासगीपणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, सोळाव्या कलमात, स्पष्ट नोंदलेला आहे. त्या बाईंना मात्र कलम नको होते, माझा शब्द हवा होता.

तो शब्द पाळताना माझ्याकडून एकदा चूक झाली, ती लिहिणे आवश्यक आहे. त्याच मुलाचा एक फोटो गडबडीत निघाला. सामन्यानंतर मी त्या बाईंना बोलावून त्यांच्यासमोर तो पुसला आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. कॅमेऱ्यात दोन कार्डे आहेत आणि मी प्रत्येक फोटो दोन्हींवर साठवतो, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. रात्री दुसरे कार्ड उघडले तेव्हा तो फोटो तिथे तसाच होता, चेंडूकडे धावणारा, हसरा चेहरा. मी तो पुसला, दोन्ही कार्डे फॉरमॅट केली आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांमार्फत घडले ते त्यांना कळवले. त्या रागावल्या नाहीत, पण पुढच्या सामन्यापूर्वी त्यांनी "दोन्ही कार्डे बघा हं" असे आठवणीने सांगितले. आता पालकांसमोर काही पुसायचे असेल तर मी दोन्ही कार्डे त्यांनाच उघडून दाखवतो.

जलतरणाबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या ठोकळ्यांवर वाकलेल्या मुलांचे फोटो मी कोणत्याही कोनातून घेत नाही आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या दिशेने लेन्स वळवत नाही. मूल पाण्यात शिरल्यावर, बटरफ्लायमध्ये डोके आणि दोन्ही हात वर येतात तो क्षण लेनच्या टोकाकडून २०० मिलिमीटरवर सुरेख मिळतो, आणि पालकांना तोच फोटो सर्वाधिक आवडतो.

या लेन्सचे सर्वांत जवळचे फोकस अंतर ०.७ मीटर आहे, आणि त्याचा उपयोग मी अपेक्षिला नव्हता. ज्यांचा चेहरा दाखवता येत नाही अशी मुले संघाच्या फोटोंत कुठेच दिसत नाहीत, याची खंत एका प्रशिक्षकांनी बोलून दाखवली. पालकांना विचारून, त्यांच्या होकारानेच, मी बुटाची नाडी बांधणारी बोटे, चिखलाने माखलेले गुडघे, चेंडूवर टेकलेला तळवा असे फोटो काढू लागलो. त्यांतला नाडीचा फोटो एका मुलाने स्वतःच्या खोलीत लावला आहे असे त्याच्या वडिलांनी सांगितले, तेव्हा मला फार बरे वाटले.

मर्यादा पाहायच्या तर या लेन्सला कॅननचे आरएफ एक्स्टेंडर बसत नाहीत, त्यामुळे पल्ला वाढवण्याचा तो मार्ग बंद आहे. ज्यांना तो हवा आहे त्यांच्यासाठी २०२४ मध्ये आलेली झेड आवृत्ती आहे. तिची नळी झूम करताना बाहेर येत नाही, तिला एक्स्टेंडर बसतात, आणि ती काळ्या रंगातही मिळते. मोठ्या मुलांचे, मोठ्या मैदानावरचे सामने ज्यांना टिपायचे आहेत, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. मी बदलणार नाही. मिटणारी नळी आणि पांढरा रंग माझ्या कामाला पुरेसे आहेत.

रविवारी बारा वर्षांखालील मुलींचा सामना आहे. प्रशिक्षकांचा निरोप आला आहे आणि पट्टीवर दोन आकडे लिहून झाले आहेत, ४ आणि ११.