सांगलीतली फील्ड टेस्ट: यंत्राला पूर्ण मार्क, खोलीला नाहीत

मी एसटीत ड्रायव्हर होतो, विटा डेपो. आता निवृत्त आहे. काचबिंदू निघाल्यापासून डॉक्टर अधूनमधून फील्ड टेस्ट, म्हणजे नजर एका जागी ठेवून आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, करायला लावतात. ती मी सांगलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात करतो. नाव लिहीत नाही, कारण खाली थोडं वाकडंही लिहिणार आहे. त्यांचे रिव्ह्यू बघितले तर सगळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे, स्टाफ प्रेमळ, चहा वेळेवर वगैरे. फील्डबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही.

यंत्र हम्फ्री नावाचं आहे. आत पांढरा अर्धगोल, साधारण ३० सेंटिमीटरवर. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, एक डोळा झाकलेला, हातात बटण. मधल्या पिवळसर दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. बसल्यावर कळतं.

आधी दुसरीकडं ही टेस्ट केली होती, तिथं "दिसलं की दाबा" एवढं सांगून माणूस मोबाईल घेऊन बाजूला बसला. मधेच बराच वेळ एकही ठिपका दिसेना. मला वाटलं, गेला डोळा. इथली टेक्निशियन पोरगी सुरुवातीलाच म्हणाली, "काका, निम्म्याच्या आसपास ठिपके तुम्हाला दिसणारच नाहीत. चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत. यंत्र मुद्दाम अंधूक करत करत तुमची हद्द शोधतंय. नाही दिसलं तर गप्प बसायचं." त्यानंतर खांदे सैल पडले. ही टेस्ट करायला जाल तिथं एवढं कुणी सांगत नसेल तर तुम्हीच विचारा.

तिनंच सांगितलेली दुसरी गोष्ट. बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, सोडलं की पुढं चालू. डोळा चुरचुरला, खोकला आला, तर धरून ठेवायचं. पापणीही मोकळी मिटायची. लोक डोळे वटारून बसतात, मग डोळा कोरडा पडतो आणि पुढचं सगळं धुरकट. माझी पापणी वरून जरा उतरली आहे, ती तिनं कागदी चिकटपट्टीनं उचलून धरली. नाहीतर वरचा भाग पापणीमुळंच काळा येतो आणि नाव काचबिंदूचं होतं. आपला चष्मा काढायचा, जवळचं दिसायची काच यंत्रात ते लावतात.

आता फसवणाऱ्यांसाठी. यंत्र हुशार आहे. प्रत्येकाच्या डोळ्यात, मेंदूकडं जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथं, काहीच दिसत नाही. नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर ती जागा येते. मधूनमधून यंत्र नेमका तिथं ठिपका टाकतं. तुम्ही बटण दाबलंत, म्हणजे नजर दिव्यावर नव्हती. लगेच नोंद होते. ड्रायव्हरला हे जड जातं बघा. सगळी नोकरी डावा आरसा, उजवा आरसा करण्यात गेली, घाटात तर डोळा एका जागी ठेवणं म्हणजे गुन्हाच. आणि इथं नेमकं तेच करायचं.

खोली मात्र चुकीच्या जागी आहे. दार ओपीडीच्या बोळात उघडतं. बाहेर "टोकन नंबर अमुक" ओरडतात, कुणीतरी चुकून दार ढकलतं, उजेड आत. एसीचा झोत थेट तोंडावर. खुर्चीला चाकं आहेत, अर्ध्या टेस्टमध्ये खुर्ची मागं सरकते आणि मान लांब करून बसावं लागतं. लाखो रुपयांचं यंत्र आणून खुर्चीत काटकसर कशासाठी, देव जाणे. मी दोन डोळ्यांच्या मधे विश्रांती मागून घेतो. दुसरा डोळा नेहमी दमलेला असतो. त्या पोरीनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

बाकीच्या तपासण्या झटपट. हवेचा फुस्कारा मारून डोळ्यातलं प्रेशर बघतात तो पहिल्या चाळणीपुरता. मला नेहमी थेंब टाकून निळ्या उजेडात, बुबुळाला टेकवून बघतात. प्रेशर १० ते २१ मधे, म्हणजे नॉर्मल, असलं तरी निर्धास्त राहू नका, त्यातही नस खराब झालेले लोक आहेत. ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, नुसतं बसायचं, नसेच्या थराची जाडी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात येते. पण थर किती उरला ते ओसीटी सांगणार, माणसाला दिसतं किती ते फील्डच सांगणार. दोन्ही लागतात. फील्डचे दोन्ही डोळ्यांचे मिळून हजाराच्या आत गेले, ओसीटीचे वेगळे.

रिपोर्ट हातात मागून घ्या. माझ्या कागदावर २४-२ लिहिलेलं असतं, तो टेस्टचा प्रकार, त्यात ५४ जागा तपासतात. उजव्या डोळ्याच्या चित्रात उजवीकडं आणि डाव्याच्या डावीकडं एक काळा डाग असतो, तो ती जन्मजात आंधळी जागा, घाबरू नका. वर फिक्सेशन लॉसेस (नजर दिव्यावरून किती वेळा हलली), फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना दाबलेलं बटण) असे आकडे असतात. फॉल्स पॉझिटिव्ह १५ टक्क्यांच्या वर गेले तर तो कागद धरायचा नाही. खाली एमडी लिहिलेलं असतं, म्हणजे त्या वयाच्या चांगल्या डोळ्यापेक्षा सरासरी किती फरक. शून्याच्या जवळ बरं, उणे वाढत गेलं तर वाईट. पहिल्या टेस्टवर फार जाऊ नका, पुष्कळांची दुसरी सुधारून येते कारण हात बसलेला असतो. सगळे जुने कागद फाईलला लावून न्या, डॉक्टर एकाशी एक ताडूनच ठरवतात.

काचबिंदू घराण्यात फिरतो, म्हणून धाकट्या भावालाही इथंच पाठवलं. बाजूनं दिसणं कमी होत असताना समोरचं स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळं तो "मला सगळं दिसतंय" म्हणत वर्षभर टाळत होता. जाणार असाल तर सकाळी नऊच्या सुमारास जा. तेव्हा बोळात गर्दी नसते, आणि एसी बंद करा म्हटलं तर करतात.