कोकणात पोर्ट्रेटसाठी ५६ की ८५? आणि फिल्टर लावायचा की नुसता हूड?

सोनीची क्रॉप बॉडी (३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे, किट लेन्सचा कंटाळा आलाय आणि पोर्ट्रेटसाठी एकच प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायचीय असं झालं की बहुतेकांची गाडी दोन लेन्सपाशी येऊन थांबते, सिग्माची ५६ मिमी एफ १.४ आणि सोनीची ८५ मिमी एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त येतो). मी सोनीच्या ए६४०० कॅमेऱ्यावर दोन्ही वापरल्यात. ८५ मित्राची, बरेच दिवस माझ्याकडेच होती, आणि स्वतःसाठी घेताना मी ५६ घेतली, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच कळलं असेल. पण ८५ कमी आहे म्हणून नाही हां, नुसते फोटो शेजारी ठेवून बघितले तर काही ठिकाणी तीच सरस वाटते.

म्हणजे बघा, १.४ आकडा बघून वाटतं की ५६ मागचं जास्त ब्लर करेल, पण चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर मागचं ८५ च जास्त विरघळवते, आणि मुळात मागचा भागच कमी येतो. किनाऱ्यावर हे फार कामाचं आहे. गुहागरला काय किंवा तारकर्लीला काय, सीझनमध्ये संध्याकाळी मागे भेळेच्या गाड्या, छत्र्या, बनाना बोट, पार्किंग सगळं असतं, ८५ लावून दोन पावलं बाजूला सरकलं की ते फ्रेमबाहेर जातं आणि मागे नुसतं सुरूचं बन राहतं. शिवाय तिला धूळ-ओलाव्याचं सीलिंग आहे, फोकस होल्डचं (फोकस आहे तिथेच धरून ठेवणारं) बटण आहे, एएफ-एमएफचा (ऑटो की हाताने फोकस ते ठरवणारा) स्विच आहे. ५६ ला बटण नाही, स्विच नाही, सीलिंग म्हणाल तर माउंटपाशी (लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे) रबर तेवढं. वजन ३७१ ग्रॅम आणि २८० ग्रॅम, फरक हाताला जाणवतो पण त्यावरून ठरवू नये असं मला वाटतं.

मी ५६ घेतली ती समुद्राच्या आवाजामुळे. वाचायला विचित्र वाटेल पण खरंच तेच कारण आहे.

क्रॉप सेन्सरवर ८५ चा अँगल फुल फ्रेमवरच्या साधारण १२८ मिमी लेन्सएवढा अरुंद होतो. उभ्या फ्रेममध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर साधारण २५ फूट मागे जावं लागतं, ५६ ने तेच काम १६-१७ फुटांत होतं. बागेत हा फरक चालून जाईल. पण भरतीच्या वेळी, वारा तोंडावर, आणि तुम्ही २५ फुटांवरून नव्या नवरीला सांगताय की हनुवटी जरा खाली, खांदा सैल सोड, हे ओरडून सांगायचं बोलणंच नाहीये. ओरडलं की समोरून "काय?" येतं, मान पुढे येते, कपाळाला आठ्या पडतात, आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागतात आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते गेलं. मग हातवारे करा नाहीतर दर वेळी वाळूतून पुढे जाऊन सांगून परत मागे या, आणि तोवर सूर्य खाली गेलेला असतो. माझे ८५ चे किनाऱ्यावरचे पूर्ण उंचीचे फोटो शार्प आहेत, ब्लर सुंदर आहे, आणि त्यातली माणसं ताठ उभी आहेत. ५६ ने आवाज थोडा चढवला की बोलणं होतं, एखादी गंमत सांगता येते, ती हसली की लगेच क्लिक करता येतं. यात लेन्सचा दोष काहीच नाही, अंतराचा आहे, पण पोर्ट्रेटमध्ये माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं.

घरात तर हे आणखी जाणवतं. अर्ध्या अंगाच्या उभ्या फोटोला ८५ ला १२ फूट तरी लागतात, ५६ ला ८. आपल्याकडची पडवी किती रुंद असते ते तुम्हाला माहितीये, ८५ लावली की अंगणात उतरावं लागतं आणि मग खालून वर बघणारा अँगल येतो. मे महिन्यात आजी विळीवर फणस फोडत होती, हाताला तेल लावलेलं, बोटांना चीक, आणि ती गरे काढता काढता जुन्या गोष्टी सांगत होती. ५६ अर्ध्या मीटरवर फोकस करते त्यामुळे तिच्या शेजारी पाटावर बसून ते हात घेता आले. ८५ ला किमान ८० सेंमी. खरं सांगायचं तर मॅग्निफिकेशन दोघींचं जवळपास सारखंच आहे, हात फ्रेममध्ये तेवढेच मोठे दिसतील, पण शेजारी बसून ऐकणं आणि समोर उभं राहून टिपणं यात आजीच्या वागण्यात फरक पडतो. माजघरात उजेड कमी, ए६४०० ला बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही, दोन्ही लेन्समध्येही नाही, तिथे १.४ मुळे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० च्या जागी २००० वर भागतं.

आता फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे आट्यांवर बसवायची काच. यूव्ही की साधा प्रोटेक्टर यात डोकं घालू नका, डिजिटलमध्ये फरक पडत नाही, कोटिंग चांगलं बघा आणि जमलं तर पितळी रिंगचा घ्या, कारण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची रिंग लेन्सच्या आट्यांत घट्ट बसते. बसलीच तर रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवायची, जोर लावून दाबायची नाही. नुसता हूड (लेन्सच्या पुढे लावायची कड) पुरे असं म्हणणारे बरेच आहेत आणि शहरात ते बरोबरही असेल. पण इथे तासभर किनाऱ्यावर काढून काच उजेडाकडे तिरकी धरून बघा, धुरकट पापुद्रा दिसतो, ते मीठ असतं. तेच कोरड्या कापडाने पुसलं की मिठाचे कण कोटिंगवर घासले जातात. फिल्टर असेल तर काढून गोड्या पाण्याच्या नळाखाली धरायचा, सुकवायचा, झालं. लेन्स काही नळाखाली धरता येत नाही. मात्र गणपतीत आरतीच्या वेळी फिल्टर काढाच, निरांजनाची ज्योत फ्रेममध्ये विरुद्ध बाजूला उलटी उमटते. हूड दोन्हींबरोबर येतो, तो कायम असू दे. आणि ५६ ला ५५ मिमीचा फिल्टर लागतो, ८५ ला ६७ चा, चांगल्या फिल्टरच्या किमतीत हा फरक जाणवतो.

८५ च्या सीलिंगवर पावसाळ्यात फार विसंबू नका एवढं मात्र सांगतो. शिंतोडे, वाळू थांबते, दमट हवा थांबत नाही, आणि बुरशी हवेनेच येते. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम. मी रबराची कड असलेला हवाबंद डबा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि सिलिका जेल यावर भागवतो, ४० ते ५० टक्क्यांत काटा राहिला की बास. नारंगी जेल हिरवट काळं पडलं की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचं, जुलैत उन्हाची वाट बघून उपयोग नाही. चामड्याच्या पाऊचमध्ये लेन्स ठेवू नका, बुरशीला ते फार आवडतं.

वर्षभरात फुल फ्रेमवर जायचं नक्की असेल तर ८५ घ्या, ५६ तिथे क्रॉप मोडमध्येच (सेन्सरचा मधला भागच वापरून) चालते. शिमग्याची पालखी लांबून टिपायची आवड असेल तरीही ८५. बाकीच्यांना मी ५६ कडे ढकलीन. तरी मन होत नसेल तर कुणाचीतरी सोनीची ५५-२१० झूम मागून आणा, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जा, घरातलं कुणीतरी समोर उभं करा, आधी ५५ वर आणि मग ८५ वर पूर्ण उंचीची फ्रेम लावा आणि दोन्ही ठिकाणांहून त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा.