पीएमआय स्टडी हॉल : पीएमपीच्या सरावासाठी कितपत उपयोगी?

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या (पीएमआय) पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापकांच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी सराव प्रश्नसंचांची बाजारात वानवा नाही. मात्र परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच तयार केलेला ऑनलाइन संच म्हणून ‘स्टडी हॉल’चे स्थान त्यांत वेगळे आहे. ही शिकवणी नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. अर्जासाठी लागणारे 35 तासांचे प्रशिक्षण यातून मिळत नाही, ते अन्यत्र पूर्ण करावे लागते. चार वर्षांची पदवी असलेल्यांनाही 36 महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तो निराळाच.

गंमत अशी की, हाच अनुभव परीक्षेत अनेकदा आड येतो. स्प्रिंट, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या अ‍ॅजाइल पद्धतीतला एक टप्पा, सुरू असताना ग्राहकाने नवी मागणी पुढे केली, तर प्रकल्प व्यवस्थापकाने प्रथम काय करावे, असा प्रश्न आला की आपल्याकडच्या आयटी कंपनीत मुरलेल्या माणसाचे बोट ‘वरिष्ठांना कळवावे’ किंवा ‘टीमला शनिवारी बोलावून काम उरकावे’ अशा पर्यायाकडे सहज वळते. अपेक्षित उत्तर मात्र असे असते की, ती मागणी कामांचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरकडे न्यावी आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, तिचा क्रम त्याने ठरवावा. प्रकल्प आधी सगळे आखून मग राबवण्याच्या पद्धतीचा असेल, तर त्याच प्रसंगी प्रथम परिणामांचे मूल्यमापन आणि नंतर रीतसर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलासाठीची विनंती, हा क्रम योग्य ठरतो. स्टडी हॉलचे खरे मोल इथेच आहे : प्रश्न सोडवल्यावर बरोबर पर्याय का बरोबर, याबरोबरच उरलेले का चुकीचे, याचेही स्पष्टीकरण मिळते आणि ते वाचता वाचता कार्यालयात अंगवळणी पडलेल्या सवयी एकेक करून उघड्या पडतात. पुण्यातल्या ज्या शिकवणीत मी प्रशिक्षणाचे तास पूर्ण केले, तिथे ‘पीएमबॉक’ या पीएमआयच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीतल्या 49 प्रक्रियांचा तक्ता आणि अर्न्ड व्हॅल्यूची, म्हणजे झालेले काम व खर्च यांचा मेळ मोजण्याची, सूत्रे घोकून घेण्यावरच भर होता. अशा प्रसंगनिष्ठ प्रश्नांपुढे त्या पाठांतराचा फारसा निभाव लागत नाही.

पूर्ण लांबीच्या सराव परीक्षाही जरूर द्याव्यात. 2021 च्या आराखड्यानुसार परीक्षेत 180 प्रश्न आणि 230 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला साधारण सव्वा मिनिट मिळते. दर 60 प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती घेता येते, पण एकदा ती घेतली की मागच्या प्रश्नांकडे परतता येत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना विषयापेक्षा इंग्रजीतले लांबलचक प्रसंग वेगाने वाचणेच अधिक जड जाण्याची शक्यता असते आणि इतका वेळ सलग बसून वाचण्याची सवय सुट्या प्रश्नांच्या सरावाने लागत नाही.

प्रश्नांची काठिण्यानुसार विभागणी केलेली आहे. त्यांतल्या ‘एक्स्पर्ट’ पातळीच्या काही प्रश्नांत दोन पर्याय तुल्यबळ भासतात आणि दिलेले स्पष्टीकरणही दर वेळी पटतेच असे नाही. माझ्या मते त्यांवर रात्री जागवण्यात अर्थ नाही. मध्यम आणि कठीण पातळीवरचे प्रश्न नीट समजून सोडवणे अधिक फलदायी आहे. सरावातल्या टक्केवारीचाही बाऊ करू नये, कारण उत्तीर्ण होण्यासाठी किती टक्के हवेत, हे संस्था जाहीरच करत नाही.

‘एसेन्शियल्स’ या स्वस्त योजनेत दोन आणि ‘प्लस’मध्ये पाच पूर्ण परीक्षा मिळतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नामागचे कारण शोधण्याची तयारी असेल, तर नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला पहिली योजना पुरेशी वाटते. बांधकाम किंवा कारखानदारी क्षेत्रातून येणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. 2021 च्या आराखड्यानुसार या परीक्षेतले सुमारे निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल किंवा संमिश्र पद्धतींवर असतात, त्यामुळे स्क्रम ही त्यातली प्रचलित कार्यपद्धती म्हणजे काय, हेच ठाऊक नसताना संच विकत घेतला, तर त्याची मुदत संज्ञा समजून घेण्यातच निघून जाईल.