ग्रॅम्बलिंग स्टेटचं फुटबॉल: बायू क्लासिक बघाच, पण आधी ‘होल’मध्ये जाऊन या

सप्टेंबर लागला की आमच्या डॅलसच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, कॉलेज फुटबॉल (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळतात ते) एकदा तरी प्रत्यक्ष बघायचंय हो, कुठे जाऊ? आणि उत्तरं दरवर्षी तीच, टेक्सास युनिव्हर्सिटीचे लाँगहॉर्न्स, इथलीच एसएमयू, फारच उत्साही कोणी असेल तर एलएसयू, म्हणजे लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. मी दरवेळी ग्रॅम्बलिंग स्टेट असं टाइप करते आणि दरवेळी समोरून “ते कुठे आलं?” येतं, तर आता एकदाच सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्या वर्षी लिंक चिकटवता येईल. (बायू क्लासिक म्हणजे न्यू ऑर्लिन्सला होणारी यांचीच मोठी मॅच, तिच्याबद्दल शेवटाकडे.)

तर ते आहे उत्तर लुईझियानात. डॅलसहून आय-20 पकडायचा, पूर्वेला निघायचं, श्रीव्हपोर्ट मागे पडलं की तासभर पाइनची झाडंच झाडं आणि मग रस्टनच्या थोडं अलीकडे हे छोटंसं गाव, सगळे मिळून चारेक तास. ग्रॅम्बलिंग ही एचबीसीयू आहे, म्हणजे अमेरिकेत गोऱ्यांच्या कॉलेजांत काळ्या मुलांना घेत नव्हते त्या काळात काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या कॉलेजांपैकी एक. 1901 ला सुरू झालेली. गावात दुसरं बघण्यासारखं फार काही नाही, कॉलेज आणि त्याची टीम हेच गाव.

आधी स्टेडियम. एडी रॉबिन्सन स्टेडियम, 1983 चं, जेमतेम वीस हजार लोक मावतात. जमिनीच्या पातळीखाली खोलगट जागेत बांधलंय म्हणून सगळे त्याला ‘होल’ म्हणतात. एक लाखाच्या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर बसून मुंग्यांची मॅच बघितलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा खेळाडूंचे चेहरे दिसतात हो. पॅडवर पॅड आपटल्याचा आवाज येतो. कोच ओरडतो ते ऐकू येतं (काही शब्द मुलांनी न ऐकलेले बरे). तिकिटं मोठ्या टीम्सच्या मानाने खूपच स्वस्त, चौघांचं कुटुंब घेऊन गेलात तरी खिसा रिकामा होणार नाही. फक्त तिकीट कॉलेजच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, मी एकदा कुठल्याशा रिसेलवाल्याकडून घेतलं आणि फी-बी धरून जवळपास दुप्पट मोजले, कारण नसताना.

आता बँड. एचबीसीयूच्या मॅचला न गेलेल्या लोकांना सांगून पटत नाही पण हाफटाइमला इथे कोणी जागेवरून उठत नाही, खाणं-पिणं, बाथरूम, जे काय ते मॅच चालू असताना उरकून घेतात आणि हाफटाइमला परत येऊन बसतात. ‘वर्ल्ड फेम्ड’ असं स्वतःचं नाव लावणारा हा टायगर मार्चिंग बँड 1926 पासून आहे, सुरुवातीची वाद्यं सीअर्सकडून उधारीवर आणली होती म्हणे, आणि 1967 च्या जानेवारीत पहिल्यावहिल्या सुपर बोलच्या (व्यावसायिक टीम्सची फायनल) हाफटाइमला लॉस एंजेलिसमध्ये हेच लोक वाजवत होते. नाव जरा फुगवलेलं वाटतं ना? ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्यांची रांग वळून तुमच्याकडे तोंड करते तेव्हा ती शंका जाते. ढोलपथकाच्या शेजारी कधी उभे राहिला असाल तर छातीत वाजणं म्हणजे काय ते माहितीच आहे, तसंच, फक्त पितळेचं. सोबत ऑर्केसिस नावाचा मुलींचा डान्स ग्रुप असतो, त्यांच्याकडे बघताना आमच्या घरच्या टीनएजरने चक्क फोन खाली ठेवला. आणि मॅच चार क्वार्टरची, ती संपली की पाचवा क्वार्टर, म्हणजे दोन्ही बँड आपापल्या स्टँडमध्ये थांबून एकमेकांना वाजवून उत्तरं देतात, हे किती वेळ चालेल ते कोणालाच माहीत नसतं. समोरचे राज्याच्या दक्षिणेकडून आलेले सदर्न युनिव्हर्सिटीवाले, म्हणजे जुने प्रतिस्पर्धी, असतील तर विचारूच नका. पार्किंगमधून लवकर सुटायचं म्हणून आधी निघणारे लोक बघून मला वाईट वाटतं.

आता फुटबॉलबद्दल. इथे खरं सांगते, सध्याची टीम ठीकठाक आहे. एसडब्ल्यूएसी ही त्यांची कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, त्यात 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं टायटल घेतली, 2016 ला तर अटलांटाच्या सेलिब्रेशन बोलमध्ये (दोन एचबीसीयू कॉन्फरन्सच्या विजेत्यांची मॅच) नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलला 10-9 असं एका पॉइंटने हरवलं, पुढच्या वर्षी तिथेच नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीकडून 21-14 हरले, आणि तेव्हापासून टायटल नाही. मधे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हेड कोच राहिलेला ह्यू जॅक्सन आणला, दोन सीझन झाले आणि त्यालाही काढला. म्हणजे निव्वळ खेळाचा दर्जा बघायचा असेल आणि तुम्हाला अलाबामा-जॉर्जियासारख्या मोठ्या टीम्सची सवय असेल तर पासेस सुटताना बघून थोडी चिडचिड होईल, आधीच सांगून ठेवते.

पण ही टीम कुठून कुठे आली ते कळल्याशिवाय ‘ठीकठाक’ या शब्दाला अर्थ नाही, म्हणून मॅचच्या आधी कॅम्पसवरचं एडी रॉबिन्सन म्युझियम बघायचंच. जुन्या जिममध्ये 2010 ला उघडलं. रॉबिन्सन 1941 मध्ये बावीस वर्षांचा असताना कोच म्हणून आला, पगार महिना 63.75 डॉलर, पहिल्या सीझनला 3 जिंकल्या 5 हरल्या, आणि दुसऱ्या सीझनला नऊच्या नऊ मॅच जिंकल्या आणि समोरच्यांना अख्ख्या सीझनमध्ये एक पॉइंट करू दिला नाही! एक सुद्धा नाही. मग 1997 पर्यंत तिथेच. 408 विजय. 1985 ला अलाबामाचा कोच बेअर ब्रायंट याचा 323 विजयांचा रेकॉर्ड मोडला तो आपल्या डॅलसच्या कॉटन बोलमध्ये, प्रेअरी व्ह्यूला हरवून, म्हणजे आपण दर वर्षी स्टेट फेअरला जाऊन कॉर्न डॉग खातो त्या आवारात हे झालं आणि आपल्यापैकी कोणाला पत्ता नाही. रस्त्यावरची हॉटेलं काळ्या मुलांना आत घेत नव्हती त्या वर्षांत प्रवासाला निघताना स्वतः सँडविच बनवून बसमध्ये भरायचा असं सांगतात. बाकी कोचचं काम झालं की बाकीची कामं पण तोच करायचा, मुलींची ड्रिल टीम सांभाळणं, पेपरला मॅचची बातमी लिहून पाठवणं, सगळं.

आणि खेळाडू केवढे निघाले इथून. टँक यंगर, 1949 ला लॉस एंजेलिस रॅम्समध्ये गेला, काळ्या कॉलेजातून एनएफएलमध्ये गेलेला पहिला खेळाडू. बक ब्युकॅनन, एएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगने 1963 ला नवे खेळाडू निवडले (ड्राफ्ट) त्यात सगळ्यात पहिला नंबर. विली डेव्हिस, विली ब्राऊन, चार्ली जॉइनर, हे सगळे हॉल ऑफ फेममध्ये. आणि डग विल्यम्स. हा बॅटन रूजच्या शेजारच्या झॅकरी गावचा, एलएसयू घराजवळ असताना ग्रॅम्बलिंगला आला, आणि 1988 च्या जानेवारीत सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळून जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक (पास फेकून टीमचा खेळ चालवणारा) झाला, एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास, वॉशिंग्टन 42 डेन्व्हर 10. नंतर रॉबिन्सनच्या जागी कोच म्हणून परत आला आणि 2000, 2001, 2002 अशी तीन वर्षं टायटल घेऊन दाखवली.

आता तुम्ही म्हणाल एवढं होतं तर मग गेलं कुठे. तर जोपर्यंत दक्षिणेतली मोठी गोरी कॉलेजं काळ्या खेळाडूंना घेत नव्हती तोपर्यंत लुईझियानातली बेस्ट पोरं रॉबिन्सनकडे यायची. एलएसयूच्या फुटबॉलमध्ये काळे खेळाडू दिसायला लागले ते सत्तरच्या दशकात, आणि एकदा ते दार उघडलं की टीव्ही, पैसा, मोठी स्टेडियमं असलेल्या ठिकाणी पोरं जाणारच ना, त्यांना नावं कशी ठेवणार. दार उघडलं हे चांगलंच झालं, पण त्याचं बिल ग्रॅम्बलिंगसारख्यांनी भरलं. एलएसयू आणि ग्रॅम्बलिंग, एकाच राज्यातली ही दोन कॉलेजं, फुटबॉलमध्ये पहिल्यांदा समोरासमोर आली ती 2023 ला, आणि निकाल एलएसयू 72, ग्रॅम्बलिंग 10. अशा मॅचेसना पाहुण्या टीमला यजमान कॉलेज मोठी रक्कम देतं, त्यावर छोट्या कॉलेजच्या खात्याचा बराच खर्च चालतो, म्हणजे मार खायला जायचं आणि चेक घेऊन यायचं. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही पण त्याशिवाय बाकीचे खेळ चालवणार कसे याचं उत्तर माझ्याकडे पण नाही.

पैशाचं प्रकरण किती ताणलं गेलं होतं ते 2013 मध्ये सगळ्या देशाने बघितलं. राज्य सरकारने वर्षानुवर्षं अनुदान कापत नेलेलं, सीझनमध्ये दोन मॅच झाल्या आणि डग विल्यम्सला काढून टाकलेलं (दुसऱ्यांदा कोच होता तेव्हा), आणि ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी जॅक्सन स्टेटच्या मॅचला जाणाऱ्या बसमध्ये बसायला सरळ नकार दिला. त्यांची तक्रार: ट्रेनिंगच्या खोल्यांत बुरशी, धड न धुतलेले युनिफॉर्म, आणि कॅन्सस सिटी, इंडियानापोलिस इतक्या लांब बसने प्रवास. मॅच फॉरफिट, म्हणजे न खेळताच हार. तीन वर्षांनी त्याच कॉलेजने सेलिब्रेशन बोल जिंकला, तोही ब्रॉडरिक फॉब्स या स्वतःच्या जुन्या खेळाडूला कोच करून, हे मला त्या 408 विजयांपेक्षा जास्त भारी वाटतं.

मग बायू क्लासिक? थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, समोर सदर्न, 1974 पासूनची परंपरा, आदल्या दिवशी बँडची जुगलबंदी. कतरिना वादळाच्या वर्षी (2005) डोमची वाट लागली तर ह्यूस्टनला नेली पण मॅच सोडली नाही. नक्की बघा. पण डॅलसहून ते आठ तासांचं ड्रायव्हिंग, त्या वीकेंडला हॉटेलचे दर आकाशाला भिडलेले, आणि तिथे तुम्ही हजारो टूरिस्टांपैकी एक असता. ‘होल’च्या बाहेर टेलगेटिंगला, म्हणजे मॅचआधी गाड्यांपाशी जे खाणं-पिणं चालतं त्याला, मात्र माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, नातवंडं, सगळे एकाच काळ्या-सोनेरी रंगात, आणि तुमच्यासारखा वेगळाच चेहरा दिसला की पहिला प्रश्न “जेवलात का?” कॅटफिश तळलेला, जांबालाया, टर्की लेग. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींचे थोडे हाल झाले, मक्याचं कणीस आणि मॅक अँड चीजवर दिवस काढला, पण एका आजींनी त्यांच्यासाठी वेगळी बिनामांसाची बीन्स शोधून आणली, आता बोला.

होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजला परत येतात त्या वीकेंडची मॅच पकडलीत तर बँड, परेड सगळंच दुप्पट, फक्त रूम खूप आधी बुक करा, गावात सोय फार नाही, रस्टन किंवा मन्रो बघा. सप्टेंबरच्या दुपारच्या मॅचला ऊन भयंकर असतं आणि तुम्ही खड्ड्यात बसलेले असता, वारा वरून निघून जातो, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच बरा. सामान पारदर्शक पिशवीत न्या, म्हणजे गेटवर आतलं दिसेल.

रेटिंग द्यायचं तर बँडला पाचपैकी पाच, माणसांना पाच, म्युझियमला साडेचार, फुटबॉलला तीन. ज्यांना चार तास गाडी चालवायचीच नाहीये त्यांनी निदान कॉटन बोलची प्रेअरी व्ह्यूविरुद्धची मॅच तरी बघा, स्टेट फेअरच्या दिवसांत असते.

आणि फुटबॉल कळतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी, हिवाळ्यात बास्केटबॉल आहे. विलिस रीड इथलाच, न्यूयॉर्क निक्सवाला, त्याच्या कॉलेजच्या टीमने 1961 ला एनएआयएची (छोट्या कॉलेजांची संघटना) टायटल आणली होती. मुलांची टीम 2024 ला पहिल्यांदाच एनसीएए या मोठ्या कॉलेजांच्या टुर्नामेंटला गेली आणि पहिल्याच मॅचला मोंटाना स्टेटला ओव्हरटाइममध्ये 88-81 हरवलं, मग पर्ड्यूने घरी पाठवलं, चालायचंच. मुलींनी त्याच वर्षी जानेवारीत एका छोट्या बायबल कॉलेजला 159-18 हरवून डिव्हिजन वनचा (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) सगळ्यात मोठ्या फरकाने जिंकण्याचा रेकॉर्ड केला, त्याचं कौतुक करावं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. मॅचेस हॉब्डी असेंब्ली सेंटरमध्ये होतात, साडेसात हजारांचं, एसी आहे, ज्यांना लुईझियानाचं ऊन नको त्यांनी इथूनच सुरुवात करा.