हंटर ३५०: शिफ्ट, संसार आणि सकाळची राइड (वापरानंतरचा अनुभव)

उन्हाळा पण झाला आणि बेळगावचा पाऊस पण झाला, म्हणून आता लिहितोय. रॉयल एनफील्डची ही मोटरसायकल, इंजिन ३४९ सीसी, टॉर्क (म्हणजे इंजिनची ओढ) २७ एनएम, हे सगळ्यांना पाठ आहे. मला सांगायचंय ते वेगळं, घरात दोन पोरं, आईची तब्येत आणि उद्यमबागला शिफ्टची नोकरी, यात गाडी फिरवायला वेळ कुठनं काढायचा.

मित्र आंबोली नाहीतर चोर्ला घाटाची राइड काढतात, त्यात अख्खा रविवार जातो आणि रविवार घरच्यांचा आहे, तो मागायचाच नाही असं मी ठरवलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पोरांना शाळेत सोडलं की सकाळ मोकळी असते. बायको म्हणाली, "जावा की, पण अकराच्या आत घरात पाहिजे, आईंना दवाखान्यात न्यायचं असतंय." तेवढं पाळलं की कुरकुर नाही. बदल्यात रविवारी संध्याकाळी पोरं माझ्याकडं, ती भजनाला नाहीतर मैत्रिणीकडं, त्यात मी अजिबात सवलत मागत नाही.

एवढ्या वेळात काय होतं? खूप होतं! येळ्ळूरवरून राजहंसगड, नाहीतर बेळगुंदीवरून राकसकोपचं धरण, दोन्ही आरामात. बेळगुंदीकडं दोन्ही बाजूला रताळ्याचे वेल, रस्त्यावर गर्दी नाही, इंजिन हळू फिरत असतानाच टॉर्क मिळतो त्यामुळं सारखं गिअर बदलायला लागत नाही, साठ-सत्तरला निवांत जायचं, डोकं एकदम हलकं होतं आणि त्या दिवशी शिफ्टला मशीनवर उभं राहायला पण बरं वाटतं, हे मी मनापासून सांगतोय. येताना भाजी घेऊन यायची.

वजन १८१ किलो आहे पण चाकं १७ इंची, गाडी आखूड, शहापूरच्या गल्लीत वळवायला त्रास नाही. कामाला पण हीच नेतो म्हणून पडून राहत नाही. ट्यूबलेस टायर पाहिजेतच, जांबोटीच्या पुढं जंगलात पंक्चर झालं तर कोण येणार! चेन साधारण पाचशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारतो, पोरगा ब्रश घेऊन हजर असतो, तो पण वेळ घरच्यांबरोबरच गेला की.

एक गोष्ट, रेन जॅकेट ऑनलाइन स्वस्तातलं घेऊ नका. मी घेतलेलं शिवणीतनं गळायला लागलं आणि जुलैत इथं पाऊस दिवसदिवस थांबत नाही. आतनं शिवणीला टेप मारलेलं आहे का बघून घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

सासुरवाडी नंदगडला, तिकडं आम्ही दोघं बसऐवजी गाडीवरच जातो, काम पण होतं आणि राइड पण.

आता थोरली मागं बसून राकसकोपला यायचं म्हणून हट्ट करतीय. चार वर्षांवरच्या पोरांना हेल्मेट कायद्यानंच लागतं आणि मोठ्यांचं तिच्या डोक्यात सैल होतंय. बेळगावात लहान मापाचं आयएसआय मार्कवालं कुठं मिळतं, कुणी घेतलं असेल तर सांगा, तोपर्यंत तिला नेणार नाही.