जीएनयू लिबटूल: नावांची एकच यादी आणि प्रत्येक लिंकरची वेगळी बोली

सी भाषेतली शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना चालताना वापरता येणारी कोडची फाइल) फक्त लिनक्सवर बांधायची असेल, तर कंपायलरला ‘-शेअर्ड’ सांगितले की बहुतेक काम भागते. तीच लायब्ररी एआयएक्स, सोलारिस (दोन्ही युनिक्सच्या जाती) आणि मॅकओएस वापरणाऱ्यांनाही द्यायची ठरली, की प्रत्येक लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाची, बोली निराळी असल्याचे ध्यानात येते. लिंकरला गुंडाळून घेणारे आणि या बोलींमध्ये दुभाष्याचे काम करणारे साधन म्हणजे जीएनयू लिबटूल. गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी १९९६ मध्ये लिहायला घेतलेली ही शेल स्क्रिप्ट मी गेली काही वर्षे रोज वापरतो. तिचे इतर गुणही आहेत, पण हे परीक्षण मुख्यतः एकाच कामाविषयी आहे: लायब्ररीतल्या फंक्शनांची वगैरे कोणती नावे बाहेर दिसावीत आणि कोणती आत राहावीत, हे ठरवणे.

या कामाचे महत्त्व मला एका बिघाडातून कळले. आमच्या लायब्ररीत ‘बफ_ग्रो’ नावाचे एक अंतर्गत फंक्शन होते. ते दोन फायलींमधून वापरले जात असल्यामुळे ‘स्टॅटिक’, म्हणजे एकाच फायलीपुरते, करता येत नव्हते, आणि ईएलएफ पद्धतीत (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम व लायब्ररींच्या फायलींचा साचा) अशी सगळी नावे आपोआप बाहेर दिसतात. एका ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये नेमक्या याच नावाचे फंक्शन असलेली दुसरी लायब्ररी आमच्या आधी लोड होत होती. डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) आधी सापडलेली व्याख्या उचलतो, म्हणून आमचाच कोड स्वतःचे फंक्शन सोडून परक्याच्या फंक्शनला हाक मारू लागला आणि स्मृती बिघडू लागली. कोणाच्याही कोडमध्ये चूक नव्हती; आमचे दार तेवढे उघडे राहिले होते.

लिबटूलचा ‘-एक्स्पोर्ट-सिंबल्स’ हा पर्याय ते दार बंद करतो. साध्या मजकुराच्या फायलीत ओळीला एक याप्रमाणे जाहीर नावे लिहायची आणि ती फाइल लिंक करताना द्यायची, एवढेच आपल्याकडचे काम. पुढचे लिबटूल पाहते. लिनक्सवर ते ‘.लिब्स’ या लपलेल्या डिरेक्टरीत ‘.व्हीईआर’ फाइल तयार करते. तीत ‘ग्लोबल’खाली आपली नावे येतात, शेवटी ‘लोकल: *’ अशी ओळ येते आणि ही व्हर्जन स्क्रिप्ट लिंकरकडे जाते. सोलारिसवर तशाच मजकुराची मॅपफाइल ‘-एम’ने दिली जाते. मॅकओएसवर सी भाषेतल्या प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर असतो, म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीला तो जोडून वेगळी फाइल बनते. एआयएक्सची रीत तर उलटीच आहे: तिथला लिंकर सांगितल्याशिवाय काहीच बाहेर दाखवत नाही, त्यामुळे तिथे यादी ‘-बीई:’ या फ्लॅगने द्यावीच लागते. ज्याने हे सगळे हाताने मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फायलीत) लिहून पाहिले आहे, त्याला या एका पर्यायाची किंमत वेगळी सांगायला नको.

‘-एक्स्पोर्ट-सिंबल्स-रेजेक्स’ हे त्याचे भावंड अधिक लोकप्रिय आहे, कारण त्यात यादी सांभाळावी लागत नाही, नावांचा एक नमुना (रेजेक्स) दिला की झाले. लिबटूल ‘एनएम’ या नावे दाखवणाऱ्या साधनाचे आउटपुट चाळून जुळणारी नावे स्वतः गोळा करते. तरीही मी लिखित यादीचीच शिफारस करीन. जाहीर नावांच्याच उपसर्गाने सुरू होणारे एखादे अंतर्गत नाव रेजेक्समधून नकळत बाहेर पडते, यादीत मात्र प्रत्येक भर बदलांच्या नोंदीत स्पष्ट दिसते. नवे नाव आले की ‘-व्हर्जन-इन्फो’ (लायब्ररीच्या आवृत्तीचे आकडे) बदलायची आठवणही तिथेच होते: ५:२:१ असेल तर ६:०:२, म्हणजे लिनक्सवर फायलीचा शेवट ४.१.२ ऐवजी ४.२.० होतो आणि जुने प्रोग्रॅम तसेच चालत राहतात.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. लिबटूल शेअर्ड लायब्ररीबरोबर ‘.ए’ अर्काइव्हही (प्रोग्रॅममध्येच मिसळली जाणारी स्टॅटिक लायब्ररी) बनवते आणि त्या अर्काइव्हला ही यादी लागू होत नाही. स्टॅटिक लिंक करणाऱ्याला आतली सगळी नावे दिसतात आणि नावांची टक्कर पुन्हा होऊ शकते. म्हणून अंतर्गत नावांनाही उपसर्ग देणे मी सोडलेले नाही. दुसरे म्हणजे, नावे लपवली की अंतर्गत फंक्शन तपासणाऱ्या चाचण्या लिंक होईनाशा होतात. यावर उत्तम तोड लिबटूलमध्येच आहे: सगळा कोड आधी इन्स्टॉल न होणाऱ्या कन्व्हिनियन्स लायब्ररीत बांधायचा, चाचण्या तिच्याशी जोडायच्या आणि खरी लायब्ररी तिच्यापासून यादीसह तयार करायची.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. मूळ स्क्रिप्ट दहा हजारांहून अधिक ओळींची आहे आणि प्रत्येक कंपाइलला ती नव्याने सुरू होते. शिवाय स्टॅटिक बांधणी बंद केली नाही, तर प्रत्येक फाइल दोनदा कंपाइल होते. इन्स्टॉल होण्याआधीचा प्रोग्रॅम अनेकदा शेल स्क्रिप्टच्या वेष्टनात असतो, त्यामुळे जीडीबी हा डीबगर थेट चालत नाही, ‘--मोड=एक्झिक्यूट’मधून चालवावा लागतो. लिबटूल लायब्ररीबरोबर बनवते त्या ‘.एलए’ वर्णन-फायलींमधल्या अवलंबनांमुळे नको त्या लायब्ररी जोडल्या जातात, म्हणून लिनक्सची अनेक वितरणे त्या फायली पॅकेजमध्ये ठेवतच नाहीत. २.४.६ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि २.४.७ यायला २०२२ उजाडले, हेही निवड करताना ध्यानात घ्यावे.

त्यामुळे ज्यांची लायब्ररी फक्त लिनक्सवर चालणार आहे, त्यांनी लिबटूल घेऊ नये; ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ (नावे मुळातच लपवणारा कंपायलरचा पर्याय) आणि हाताने लिहिलेली दहा ओळींची व्हर्जन स्क्रिप्ट त्यांना पुरेशी आहे. एआयएक्स किंवा सोलारिस ज्यांच्या यादीत आहे आणि ऑटोमेक (मेकफाइल तयार करणारे साधन) आधीपासून वापरात आहे, त्यांना मात्र मी आजही लिबटूलच सुचवीन.

वापरायला घेतलेत, तर एक तपासणी पहिल्याच दिवशी जोडा. यादीत मी एकदा एका नावातले एक अक्षर चुकवले होते. मॅकच्या लिंकरने बांधणी तिथेच थांबवली, पण लिनक्सवर जीएनयूचा लिंकर न सापडलेल्या नावाकडे मुकाट्याने दुर्लक्ष करतो, आणि ते फंक्शन लायब्ररीतून नाहीसे झाल्याचे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले. आता प्रत्येक बांधणीनंतर ‘एनएम -डी’ने बाहेर दिसणारी नावे काढून ती मूळ यादीशी ‘डिफ’ने ताडून पाहिली जातात, आणि एका ओळीचाही फरक आला तर चाचणी नापास होते.